काटा पडतो तेव्हा

बंगळूर, ११ एप्रिल १९४८, आइतवार

अक्का,

पाया पडतो. तू पाय मागं घेशील, तरी पडतो.

तुझं पत्र भागम्मामावशीनं लोणारहून पुढं धाडलं, ते काल ऐन पाडव्याला हातात आलं. चार महिन्यांतलं पहिलंच. हे बी मी मावशीच्याच पत्त्यावर टाकतोय. निजामाच्या हद्दीत टपाल फोडून बघतात. लोणार वऱ्हाडात, तिथं तेवढी धास्ती न्हाई. मावशीकडनं तुझ्यापर्यंत आणणारा माणूस तेवढा भरवशाचा असू दे.

दाजी औरंगाबादच्या तुरुंगात हायेत आणि जिते हायेत. त्या एका ओळीवर मी लय वेळ बोट ठेवून बसलो.

पुढं तू लिवलंस की मुंजाजीला घरातनं हाकललं. वीस वर्षं ज्यानं दाजींकडं साल घातलं, बैल-औत सगळं ज्याच्या हाती, त्याला. गावानं बी त्याचं तोंड बघणं सोडलं म्हणतेस. तुझा हिशोब सरळ हाय: नदीच्या खोऱ्यातली ती कपार चौघांनाच ठाऊक होती. निजामाविरुद्ध लढताना तिथं लपलेले दाजी, तू, मी, आणि भाकर घेऊन जाणारा मुंजाजी. दाजी सोताला धरून द्यायचे न्हाईत. तू देणार न्हाईस. मग उरला कोण? आणि खाली बारीक अक्षरात, ‘विरू, तू त्या आठवड्यात जिनिंगवरच होतास. पोलिसांचा अमीन तिथं रोज चहाला यायचा. तुझ्या कानावर काय आलं ते लिही.’

मला काय ठाऊक, अक्का? मी प्रेसवर होतो. बाजाराचा दिवस, जिनिंग बंद. दाजींना धरलं हे कळलं. पुढचा नंबर माझा म्हणून निघालो. एवढंच. पण मुंजाजीला इतक्यात हाकलायचं नव्हतं. अमीनाचे कान गावोगाव हायेत. एखाद्या गुराख्यानं धूर बघितला असंल. रझाकारांची घोडी त्या अंगाला फिरतच होती.

इथं मी काय करतो ते तू विचारलं न्हाईस, तरी सांगतो. डॉक्टर बिवलकर म्हणून एक साहेब हायेत. पुण्याकडचे, विलायतेत शिकून आलेले. त्यांना प्रेसवरचा माणूस पाहिजे होता. मी म्हणालो, सहा वर्षं बन्सीधरशेटच्या जिनिंगात रुईच्या गासड्या बांधल्या. त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून बघितले आणि ठेवून घेतलं. शाळा किती, ते विचारलं न्हाई.

शेटची प्रेस खोलीएवढी होती. ही तुझ्या उखळाच्या दुप्पट असंल. पण ताकद! आपली गाडीभर रुईची गासडी करायची, ही चिमूटभर भुकटीवर डोंगर ठेवते. पोलादाच्या ठोकळ्यात बोटाएवढं भोक. त्यात भुकटी, वर दट्ट्या, आणि बाजूला मी हातपंप मारायला. समोर घड्याळासारखा काटा. काटा तीन हजारावर गेला की साहेब म्हणतात, ‘आपल्या डोक्यावर हवेचा जेवढा भार, त्याच्या तीन हजार पट आत आहे. जमिनीत सहा-सात मैल खाली दगडावर असतो तेवढा.’ पोलाद फुटलं तर जीव जाईल म्हणून साहेब दीड हाताच्या भिंतीमागं वही घेऊन बसतात. मी आत. प्रत्येक झटक्याला काट्याचा आकडा ओरडायचा, ते लिहून घेतात.

कशासाठी, म्हणून विचारलं. म्हणाले, ‘पुरेसा दाब पडला की वस्तू होती तशीच राहते का, ते बघायचं.’

मी पंपाचा दांडा धरला.

तुझा,
विरू

*

बंगळूर, २ मे १९४८, आइतवार

अक्का,

तुझं पत्र पोचलं. पहिलीच ओळ: ‘मी लिवलं होतं, गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून लिही. तू सगळं लिवलंस. ते मात्र लिवलं न्हाईस.’

राहून गेलं, अक्का. प्रेसच्या खोलीत गळ्यात काही लोंबू द्यायचं न्हाई असा हुकूम हाय, म्हणून मी शिवदोरा दंडाला बांधतो. म्हणून राहून गेलं.

दुसरी ओळ: ‘तू तिकडं दगडं दाबायलास. इकडं माणसं दाबायलेत, ती बघायला ये.’ बोल. तुझा हक्क हाय. आई-अप्पा गेल्यावर तू मला तुझ्या सासरी आणलंस, आणि दाजींनी एका शब्दानं कधी परकं केलं न्हाई. जिनिंगात बी त्यांनीच चिकटवलं. उलट तूच चिडवायचीस, ‘आंदणात भांडी कमी आली, म्हणून भाऊ आणला.’

कस्तुराबाईचं वाचलं. मुंजाजीची बायको घागर घेऊन विहिरीवर येती, आणि बायका दोर उचलून घेतात. मग ती नदीवर जाती, कोसभर. तू बी दोर उचलतेस का गं? न्हाई, नको सांगू.

मी म्हणतो, घाई करू नका. दाजी सुटून आले की तेच सांगतील.

तुला इथली एक गंमत सांगतो. मी साहेबांना विचारलं, दाबल्यावर वस्तू बदलती म्हणजे तिच्यात दुसरं काय घुसतं? ते म्हणाले, ‘काही घुसत नाही, काही जात नाही. कण तेच, तेवढेच. फक्त बसायची रीत बदलते.’ मला तुझ्या लग्नाची पंगत आठवली. ओसरीत चाळीस पानं मांडलेली, सगळे ऐसपैस मांडी घालून. तेवढ्यात जिंतूरहून दाजींच्या दोन गाड्या आल्या. लोक दाटीवाटीनं सरकले, सरकले, आणि मग जागाच उरली न्हाई. अप्पा ओरडले, ‘मांडी मोडा! उकिडवं बसा सगळे!’ आणि अख्खी ओळ एका दमात उकिडवी झाली. एक-एकटा उठला न्हाई, अख्खी ओळ. साठ माणसं तेवढ्याच ओसरीत मावली. मुंजाजी पाणी वाढत होता, तो मधेच अडकून हसायला.

साहेबांना सांगितलं. त्यांनी टेबलावर हात आपटला. ‘हेच! अगदी हेच! आणि पंगत उठल्यावर पुन्हा मांडी घालतात की नाही, तो पुढचा प्रश्न.’

परवा त्यांनी पांढरा फॉस्फरस दाबला. मेणबत्तीसारखा दिसतो, पण भडक डोक्याचा. पाण्याखाली ठेवतात, वाऱ्यावर आला की धुरायला लागतो आणि पेटतो. फिटर मुनिस्वामी मला बघून म्हणतो, ‘ये सफेदा बिल्कुल तेरे सरीका है रे. पानी में रख्खे तो ठीक, बाहर निकाले तो आग.’ मुनिस्वामी इथलाच, दखनीत बोलतो, म्हणून आमचं जमतं. तर त्याला उकळत्या तेलाएवढी आच दिली आणि बारा हजाराचा दाब. थंड झाल्यावर ठोकळा उघडला, तर आत काळी गोटी. मी नखानं खरवडली, शिसपेन्सिलीगत बोटाला लागली. साहेबांनी पेटती काडी तिला लावली. काडी विझली, गोटी तशीच.

मी म्हणालो, ‘आता दाब न्हाई, आच न्हाई. मग ही परत पांढरी का होईना?’

‘आपणहून नाही होणार.’



दुसरी एक पिवळी भुकटी हाय, चांदीपासनं करतात. तिचं मात्र काही जमेना. विलायतेच्या पुस्तकात लिवलंय की तीन हजाराच्या आसपास ती एकदम आक्रसती. आमच्याकडं तीन महिने झाले, वहीत रेघ सरळच्या सरळ. पंपाच्या टाकीतलं तेल मात्र हिशोबापेक्षा जास्त जातं. साहेब म्हणतात, कुठंतरी गळतंय. मुनिस्वामीनं दट्ट्याभोवती बसवलेल्या पॅकिंगवर सगळा राग निघायलाय.

विरू

*

बंगळूर, २३ मे १९४८, आइतवार

अक्का,

या खेपेला तुझं पत्र यायच्या आधीच लिहायलोय. इथं एक झालंय.

सोमवारी साहेबांनी मुनिस्वामीला बोलावलं. म्हणाले, ‘महिनाअखेरीला हिशोब घे आणि जा. चार वेळा पॅकिंग बदललंस, चारही वेळा गळती.’ मुनिस्वामीनं टोपी काढली. त्याच्या घरात सात माणसं. तो माझ्याकडं बघून म्हणाला, ‘विरू, तू तो अंदर रैता. तू बोल. एक बूंद बी टपकते देखा क्या?’

मी म्हणालो, ‘न्हाई देखा.’ साहेब म्हणाले, ‘मग तेल जातं कुठं?’

तेल कुठं जातं ते मला ठाऊक होतं, अक्का. त्याच घडीला समजलं.

जिनिंगात रुई दाबताना मधेच काटा पडतो. आत रुई बसली, पोकळी झाली, म्हणून. तसं झालं की मुकादम व्यंकटराव खेकसायचा, ‘काटा पडू द्यायचा न्हाई, भाड्या! गासडी ढिली ऱ्हाईल!’ लगेच दोन झटके जास्तीचे मारायचे आणि काटा जागेवर आणायचा. सहा वर्षं हेच. डोकं दुसरीकडं असलं तरी हात आपला आपण करतो. तर इथं बी तीन हजाराजवळ काटा पडायचा. मी त्याला पडू देतच नव्हतो. झटके मारून सावरायचो, आणि सावरल्यावर आकडा ओरडायचो. भिंतीपलीकडं साहेबांना वाटायचं, काही झालंच न्हाई. ते जास्तीचे झटके वहीत कुठंच नव्हते. तेल तिथं जात होतं.

  मुनिस्वामी टोपी हातात फिरवत होता. मग तोंडातनं निघालं, ‘साहेब, गळती मी हाय.’

सगळं सांगितलं. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. ‘किती वेळा केलंस?’

‘दरवेळी.’

आधी ते हसले, ठसका लागेपर्यंत. मग एकदम डोळे लाल. ‘अरे, तो पडतो तेवढंच तर बघायचं होतं! काटा पडतो तेव्हाच आत काहीतरी घडलेलं असतं! ते तू दरवेळी माझ्यापासून झाकत आलास!’

‘मला वाटलं, पडणं म्हणजे चूक.’

 दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, ‘चल. आज काटा पडला की हात मांडीखाली घेऊन बसायचं.’

दोन हजार आठशे. दोन हजार नऊशे. मी ओरडायलोय. तीन हजाराच्या पुढं गेला आणि काटा उतरला. कुणी हात लावला न्हाई, आवाज न्हाई, काही न्हाई, नुसता उतरत गेला. माझे हात मांडीखाली.  पडू देणं लय अवघड असतं गं.

मग साहेबांनी दाब हळूहळू कमी करायला लावला. मला वाटलं, जिथं मोडलं तिथंच परत जुळंल. न्हाई. तीन हजाराच्या खाली आलो, तरी गप. आणखी खाली, तरी गप. लय खाली उतरल्यावर काटा एकदम वर उचलला. भुकटी आपल्या जुन्या बैठकीवर आली. साहेब म्हणाले, ‘परत येते. पण जाताना जिथून गेली तिथून नाही. यायला उशीर लागतो.’

मी खिशातली गारगोटी काढली. आपण पूर्णेच्या पात्रात वेचायचो न्हाई का, एकमेकीवर आपटून ठिणगी बघायला, तसली पांढरी. येताना ती एकच खिशात राहिली होती. म्हणालो, हिला दाबू या. साहेबांनी प्रेसचा होता नव्हता तेवढा जोर लावला. चूर झाली, पण गारगोटीचा चूर तो गारगोटीच. बसायची रीत काही बदलली न्हाई. साहेब म्हणाले, ‘हिला वाकवणारा दाब अजून आपल्याकडे नाही.’

मुनिस्वामीची नोकरी राहिली. माझ्या चार शब्दांवर राहिली. चार शब्द, अक्का.

पुढं लिवायचं होतं, पण कागद संपला.

विरू

*

बंगळूर, १० जून १९४८, गुरुवार

अक्का,

तू बरोबर लिवलंस. मागच्या पत्रात अर्धा कागद कोरा होता.

तुझं पत्र आज सकाळी आलं. त्या टोमण्याखाली दोनच ओळी: ‘हद्दीवरच्या छावणीतली, दाजींच्या सोबत लढणारी तिघं पोरं येऊन गेली. वटपुनवेला मुंजाजीला नदीच्या पात्रात नेणार. दाजींच्या नावानं त्याला संपवणार. गाव हू का चू करणार न्हाई. तुला काही सांगायचं असंल तर आता सांग.’

पुनवेला अकरा दिवस हायेत. पत्र लोणारला कधी पोचंल, तिथनं हद्द ओलांडून तुझ्या हातात कधी पडंल, ह्याचा भरवसा न्हाई. म्हणून आधी तारघरात पळालो. तारबाबूला मजकूर सांगितला: मुंजाजी निर्दोष. अमीनाला जागा मी सांगितली. वीरुपाक्ष. त्यानं विंग्रजीत उतरवला, मग चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. ‘कोण मेलं?’

मी म्हणालो, ‘अजून कुणी न्हाई.’

तार मावशीच्या नावानं गेलीय. आता हे पत्र. दंडाचं लिंग सोडून डाव्या हाताच्या मुठीत धरलंय. उजव्यानं लिहायलोय.

तो बाजाराचा दिवस. जिनिंग बंद, पण मला व्यंकटराव मुकादमानं बोलावलं, प्रेसला तेल द्यायला. गेलो तर आत अमीन बसलेला, सोबत दोघं रझाकार, चहाच्या बश्या हातात. अमीन गोड बोलला. ‘आओ मियाँ. सुना है, प्रेस के उस्ताद हो.’ मग म्हणाला, दाखव बघू, रुई कशी भरतात. मला पेटीत उतरायला लावलं. तू ती पेटी बघितलीस. माणूसभर खोल, चारी बाजूंनी लोखंड, वर लोखंडी पाट. त्यात उतरून आमी रुई पायानं तुडवायचो. मी उतरलो. वरनं शिडी काढून घेतली.

त्यानं व्यंकटरावाला सांगितलं, ‘चालू करो.’

व्यंकटराव रडायला. पण त्यानं चाक फिरवलं. वरचा पाट उतरायला लागला. मला त्या प्रेसचा आवाज घरच्यासारखा, अक्का. किती फेऱ्यांत पाट किती उतरतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? डोक्यावर उजेडाची पट्टी होती, ती बारीक होत गेली. अमीन वरनं दाजींचं नाव घेऊन विचारायलाय, ‘मन्मथअप्पा किधर है?’ एकदा. दोनदा.

आता ऐक. हे मी कुणाला सांगितलं न्हाई, सोताला बी न्हाई.

पाट माझ्या डोक्यापासनं अजून हातभर वर होता. मला काही लागलं न्हाई. ओरखडा न्हाई. अंगावर रुईचा एक पुंजका सुद्धा दाबला गेला न्हाई. मी हातभर आधीच सांगितलं. खोरं, पिंपळाखालची वाट, कपार, भाकर कधी जाती, सगळं. विचारलं न्हाई ते बी सांगितलं.

लोक म्हणतील, पोराला प्रेसमध्ये घातला, तो काय करणार? तसं म्हणू देऊ नको. दाजींना तुरुंगात किती मारलं असंल, ते बोलले का? माझ्यावर तर दाब पडलाच न्हाई. पडंल ह्या भीतीनंच मी मोडलो.

शिडी सोडली. वर आल्यावर अमीनानं मला पाण्याचा गिलास दिला. मी पिलो. तहान लागली होती. हे बी लिवतो.

संध्याकाळी दाजींना धरलं, आणि पहाटेच्या रुईच्या गाडीवर बसून मी परभणीला निघालो. तू मला मागल्या दारातनं भाकरी बांधून दिल्यास. तुला वाटलं, पोरगं जीव वाचवायला निघालंय.

त्यानंतर सहा महिने मी काटा सावरत आलो. मुंजाजीवर संशय गेला हे तुझ्या पहिल्याच पत्रात कळलं, आणि मी तुला धूर सांगितला, गुराखी सांगितला. मुंजाजीनं मला खांद्यावर बसवून नदी ओलांडलीय. पोहायला त्यानं शिकवलं.

तार पोचली न पोचली, हे पत्र हातात पडल्याबरोबर गावात वाच. पारावर. पोरांना माझा पत्ता दे. लपवू नको.

विरू

*

बंगळूर, ४ जुलै १९४८, आइतवार

मुंजाजीदादा,

ह्या खेपेचं पत्र तुमाला हाय. तुमाला वाचता येत न्हाई, म्हणून अक्का वाचून दाखवंल. तिला सांगितलंय, तुमच्या दारात येऊन वाचायचं, कस्तुराबाईच्या देखत. जल्मभर मी तुमाला अरे-तुरे केलं. तुमी माझ्या बापाच्या वयाचे. आज तुमी म्हणतोय, त्याचं हसू आलं तर हसा.

अक्काचं पत्र मंगळवारी आलं. काय काय झालं ते तिनं लिवलं. मला जे कळलं ते तुमच्यापुढं मांडतो. चुकलं तर सांगा.

तार लोणारला दुसऱ्याच दिवशी पोचली होती. पण मावशीला वाचता येईना, आणि वाचणारा मास्तर गावाला गेलेला. तार तिच्या डब्यात नऊ दिवस पडून. पुनवेच्या आदल्या दिवशी मास्तर आला, त्यानं वाचली, आणि मावशी सोता चालत निघाली. साठीची बाई, हद्द ओलांडून. पुनवेला दुपारी ती पोचली तेव्हा बायका वडाला दोरा गुंडाळायलेल्या आणि तुमाला पात्रात नेलेलं. अक्का हातातलं ताट टाकून पळाली.

पोरांनी तुमचे हात बांधले होते. उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती. तीनदा विचारलं, कुणाला सांगितलंस, कबूल कर, सोडतो. तुमी तीनदा एकच बोललात. ‘म्या न्हाई. विरूबानं सांगितलं. म्या जिनिंगच्या दारातनं बघितलं, त्यो पेटीतनं वर आला आन् अमीनानं त्याला पाणी दिलं.’ पोरं म्हणाली, मालकाच्या मेव्हण्यावर आळ घेतो काय? आणि तिसरं बोट धरलं. तेवढ्यात अक्का पोचली.

तुमी माझी भाकर घेऊन जिनिंगवर आला होता त्या दिवशी. मला ठाऊक नव्हतं. तुमी सगळं बघितलं होतं.

साहेबांच्या प्रेसमध्ये गारगोटी टाकलेली मी अक्काला लिवलं होतं. ती तिला आठवली का, विचारा.

अक्कानं शेवटी जे लिवलंय ते मी हितं तिच्याच शब्दांत उतरवतो: ‘विरू, तारेतलं मला तार वाचायच्या आधीच ठाऊक होतं. धरपकड झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मुंजाजी दारात आला. म्हणाला, अक्कासाब, वाईट वाटून घेऊ नका, पण विरूबानं सांगितलंय. मी त्याच्या थोबाडीत मारली. हाकलला तो त्यासाठी. दाजींसाठी न्हाई. मग मी तुला पत्रांवर पत्रं लिवली, शपथ घे म्हणून. तू खोटी शपथ घेतली असतीस तर मी ती धरून बसले असते, आणि मुंजाजीला जाऊ दिला असता.’

दादा, आमी दोघं एकाच आईची लेकरं.

मी येतोय. इथलं काम सोडलं. साहेब चिडले, मग म्हणाले, ‘परत येशील?’ मी म्हणालो, ‘यायला उशीर लागतो, साहेब. तुमीच दाखवलं.’ पंपावर आता मुनिस्वामी बसंल. त्याला दोन दिवस शिकवलं. जास्त काही शिकवायचं नव्हतंच. एकच सांगितलं, काटा पडला तर हात मांडीखाली घ्यायचे.

आइतवारी, अकरा तारखेला, लोणारला उतरंन. छावणीतल्या पोरांचा सांगावा मावशीकडं आलाय, ‘त्याला येऊ दे.’ कशाला, ते सांगितलं न्हाई. मी बी विचारलं न्हाई. त्यांनी मला तिथंच ठेवलं तर ठेवलं. जाऊ दिलं तर मी आधी तुमच्या दारात येईन, अक्काच्या न्हाई. तुमी गावाला पारावर बोलवा. मी काय केलं ते तुमी सांगायचं, जसं बघितलं तसं, पाण्याच्या गिलासासकट. मी शेजारी उभा राहीन. मग कस्तुराबाईची घागर मी विहिरीवर घेऊन जाईन, आणि बघू दोर कोण उचलतं. त्याच्या पुढं अमीनाच्या हाती सापडलो तर सापडलो. एकदा त्याच्या पेटीतनं वर आलोय.

माफी मागत न्हाई. मोडलेल्या बोटांना माफीचा काय उपयोग? खळ्यावर तुमच्या उजव्या हाताचं काम मी करंन, तेवढं ठेवून घ्या.

आता अक्का, हे तुला. तू इथपर्यंत वाचत आलीस. दादा समोर बसलेत, कस्तुराबाई चौकटीला टेकून उभी हाय. तुझा आवाज मधेच बारीक झाला असंल, आणि थोबाडीची ओळ तू गाळून पुढं आली असशील. मी तुझा भाऊ हाय. काटा कसा सावरतात ते मला ठाऊक हाय.

मागं जा. ती ओळ मोठ्यानं वाच.

वीरुपाक्ष